"इंजेक्शन आलं नाही, पुढच्या महिन्यात या" हा वैद्यकीय सल्ला नव्हे!



आजचा लेख एका वाक्याच्या विरोधात आहे. ते वाक्य असं: "पेनिसिलीनचं इंजेक्शन आलेलं नाही, पुढच्या महिन्यात या."

ज्यांच्या घरात हृदयाच्या झडपेचा आजार असलेलं मूल आहे, त्यांनी हे वाक्य कधी दवाखान्याच्या औषध खिडकीवर ऐकलं असेल, कधी मेडिकलच्या काउंटरवर. ऐकून घेतलं जातं, माणूस एसटी धरून गावी परत जातो आणि पुढचा महिना कामाच्या घाईत निघून जातो. कुणी चिडत नाही, कारण कुणाला काही बिघडल्याचं दिसत नाही. बिघाड आत, हृदयात होतो आणि तो वर्षा-दोन वर्षांनी कळतो.

माझं म्हणणं थोडक्यात सांगतो. तुटवडा खरा असू शकतो. तो दवाखान्यातल्या सिस्टरने किंवा मेडिकलवाल्याने केलेला नसतो. पण तुटवडा आहे म्हणून रुग्णाला रिकाम्या हाताने परत पाठवणं चूक आहे. या इंजेक्शनला बहुतेक रुग्णांसाठी गोळ्यांचा पर्याय आहे आणि तो त्याच दिवशी सुरू करता येतो. काही थोड्या रुग्णांना मात्र पर्याय नाही. उरलेल्या कुप्या त्यांच्यासाठी राखून ठेवायला हव्यात. या दोन्ही गोष्टी करायला फार पैसा लागत नाही, फक्त कुणीतरी त्या ठरवून करायला हव्यात.

कोणत्या इंजेक्शनबद्दल बोलतोय?

बेन्झाथिन पेनिसिलीन. पांढरी पावडर, पाणी घातलं की दुधासारखी होते. कमरेत किंवा मांडीत खोल स्नायूमध्ये देतात आणि चांगलंच दुखतं. मुलं त्याला "ते जाड इंजेक्शन" म्हणतात. पालकांना "२१ दिवसांचं इंजेक्शन" म्हटलं की लगेच कळतं.

हे कशासाठी देतात? मुलांचा घसा स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूने दुखतो. बहुतेक मुलं बरी होतात. पण काही मुलांमध्ये दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, गुडघे-घोटे सुजतात, आज एक सांधा तर उद्या दुसरा. हा संधिज्वर, डॉक्टर त्याला ऱ्हुमॅटिक फीवर म्हणतात. साधारण ५ ते १५ वर्षांच्या वयात तो जास्त दिसतो. घशातल्या जंतूशी लढायला शरीराने तयार केलेली शस्त्रं चुकून स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयावर चालतात. सांधे बरे होतात, मागे व्रण राहत नाही. हृदयाच्या झडपा मात्र जाड होतात, चिकटतात किंवा गळू लागतात.

खरी गोम पुढे आहे. एकदा संधिज्वर झालेल्या मुलाला घशाचा तोच संसर्ग पुन्हा झाला, तर संधिज्वर उलटण्याचा धोका इतर मुलांपेक्षा कितीतरी जास्त असतो. आणि प्रत्येक हल्ला झडप आणखी खराब करतो. म्हणून जंतूला घशात घरच करू द्यायचं नाही, यासाठी वर्षानुवर्षं पेनिसिलीन द्यायचं. हृदयाला धक्का लागला नसेल तर निदान पाच वर्षं, लागला असेल तर दहा वर्षं किंवा तरुणपण येईपर्यंत, झडप जास्त खराब असेल तर चाळिशीपर्यंत किंवा जन्मभर. नेमका कालावधी तुमचे हृदयरोगतज्ज्ञ ठरवतात.

याचा उपयोग होतो का? युगांडामध्ये सुमारे ८०० मुलांवर एक अभ्यास झाला, तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांची झडप नुकतीच बिघडू लागली होती आणि त्रास काहीच नव्हता, अशी ही मुलं. दोन वर्षांत इंजेक्शन न घेतलेल्या मुलांपैकी ८.२ टक्के मुलांची झडप आणखी बिघडली. दर चार आठवड्यांनी इंजेक्शन घेतलेल्यांमध्ये हे प्रमाण ०.८ टक्के होतं. म्हणजे दहापट फरक, आणि तोही १९५० च्या दशकापासून वापरात असलेल्या एका जुन्या, स्वस्त औषधाने.

एक महिना चुकला तर काय होतं?

स्नायूमध्ये टोचलेलं हे औषध हळूहळू रक्तात उतरत राहतं. तीन आठवड्यांनंतर त्याची पातळी इतकी खाली येते की संरक्षणाचा भरवसा उरत नाही. म्हणून आपल्याकडे साधारण २१ दिवसांचा नियम आहे. लहान, कमी वजनाच्या मुलांना कमी मात्रा असते, काही डॉक्टर ती १५ दिवसांनी देतात. काही देशांत २८ दिवसांचं अंतर चालतं, पण ती शेवटची हद्द समजा.

आता "पुढच्या महिन्यात या" हे वाक्य या हिशोबात बसवून पाहा. आज २१ वा दिवस आहे. पुढच्या महिन्यात म्हणजे ५० वा दिवस. मधले चार आठवडे मूल उघड्यावर. तेवढ्यात शाळेत शेजारच्या बाकावरच्या मुलाचा घसा दुखला की झालं.

आपल्या जिल्ह्यात यात आणखी एक भर आहे. गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, जिंतूर या भागांतून अनेक कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. परत येतात ती मार्च-एप्रिलमध्ये. या सहा महिन्यांत आठ-नऊ इंजेक्शनं येतात. कोप्यांमध्ये दाटीवाटीने राहणं, थंडी, धूर, म्हणजे घशाच्या संसर्गाला आमंत्रण. नेमक्या त्याच काळात इंजेक्शन बंद. वर टोळी निघायच्या आदल्या आठवड्यात दवाखान्यात कुपी नसेल, तर त्या मुलाचं पूर्ण वर्ष गेलं म्हणून समजा.

पर्याय म्हणून खपवल्या जाणाऱ्या चार चुका

तुटवड्याच्या काळात इंजेक्शनऐवजी काहीतरी दिलं जातं आणि रुग्णाला वाटतं, काम झालं. या चार गोष्टींपासून सावध राहा.

पहिली चूक: "हे नाही, पण याहून स्ट्राँग आहे." मग सेफ्ट्रियाक्सोन टोचलं जातं. ते चांगलं औषध आहे, न्यूमोनियात आणि मेंदूज्वरात जीव वाचवतं. पण एका डोसचा असर जेमतेम एक दिवस टिकतो. २१ दिवसांचं काम ते करूच शकत नाही. कुलूप हरवलं म्हणून दारासमोर एक रात्र पहिलवान बसवला, तर उरलेले वीस दिवस दार उघडंच राहणार! गंमत म्हणजे हा स्ट्रेप्टोकोकस आजही साध्या पेनिसिलीनलाच शरण येतो. ऐंशी वर्षं वापरूनही पेनिसिलीनला दाद न देणारा या जातीचा जंतू रुग्णांमध्ये आढळलेला नाही. त्याला मारायला महागडी तोफ लागतच नाही. उगाच तोफा डागल्याने शरीरातले इतर जंतू मात्र निर्ढावतात.

दुसरी चूक: "हेही पेनिसिलीनच आहे." कुपीवर "बेन्झाइल पेनिसिलीन" लिहिलेलं असतं, तर आपल्याला हवं असतं "बेन्झाथिन". एका शब्दाचा फरक, पण पहिलं काही तासांत लघवीवाटे निघून जातं आणि दुसरं तीन आठवडे टिकतं. उलटी अदलाबदल तर जीवघेणी ठरते. दुधासारखं दिसणारं बेन्झाथिन शिरेतून कधीच द्यायचं नसतं. म्हणून कुपीवरचं पूर्ण नाव वाचा. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

तिसरी चूक: अझिथ्रोमायसिनचं तीन किंवा पाच दिवसांचं पाकीट. तो घसादुखीचा कोर्स आहे. पाच दिवसांच्या गोळ्या पुढचे महिने राखण करत नाहीत.

चौथी चूक: एक कुपी दोन भावंडांत वाटणं, किंवा "थोडं थोडं घेऊ, पुरवून वापरू." अर्ध्या मात्रेने संरक्षणाचे दिवस कमी होतात आणि मनाला मात्र खोटी शांती मिळते.

मग खरा पर्याय कोणता?

पेनिसिलीनच्याच गोळ्या. पेनिसिलीन-व्ही नावाची गोळी, साधारणपणे २५० मिलिग्रॅम, दिवसातून दोन वेळा, रोज. ज्यांना पेनिसिलीनची ॲलर्जी आहे त्यांना एरिथ्रोमायसिन, तेही दिवसातून दोनदा, रोज. मात्रा वय-वजन पाहून डॉक्टर ठरवतील. पेनिसिलीन-व्ही प्रत्येक मेडिकलमध्ये समोरच्या फळीवर सापडेल असं नाही, पण मागवता येते. ती येईपर्यंत मधल्या दिवसांसाठी काय द्यायचं, हेही डॉक्टरांना त्याच भेटीत विचारून घ्या.

हा पर्याय इंजेक्शनच्या तोडीचा आहे का? नाही, आणि ते लपवायचं कारण नाही. संधिज्वर उलटू नये म्हणून इंजेक्शन गोळ्यांपेक्षा जास्त भरवशाचं आहे. कारण सोपं आहे. वर्षाला साधारण १७ इंजेक्शनं पुरतात, गोळ्या मात्र ७३० घ्याव्या लागतात. शाळा, शेत, लग्नसराई, जत्रा यांत दोन-चार गोळ्या राहणारच. त्रास काही होत नसताना रोज गोळी घेणं मोठ्यांनाही जमत नाही, आपल्या घरातल्या बीपीच्या गोळ्यांची डबी उघडून पाहा! म्हणून गोळ्या म्हणजे पूल आहे. नदीला पूर आलाय तोवर त्यावरून जायचं, इंजेक्शन आलं की पुन्हा जुन्या रस्त्याने.

मात्र गोळी हा "काहीच नाही" यापेक्षा फार चांगला पर्याय आहे. इंजेक्शन नसलेल्या दिवशी गोळ्यांची चिठ्ठी लिहायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं न देता रुग्णाला परत पाठवण्याचं कोणतंही समर्थन मला तरी सापडत नाही.

इथे दोन सूचना महत्त्वाच्या आहेत.

एक, ज्यांची झडप खूपच खराब आहे, चालताना धाप लागते, हृदयाचा पंप कमजोर झालाय, त्यांच्यासाठी गोळ्या हा तात्पुरता पूल नसून पहिली पसंती ठरू शकते. अशा रुग्णांमध्ये इंजेक्शननंतर क्वचित घडलेले अचानक मृत्यू ॲलर्जीपेक्षा कमकुवत हृदयाला बसलेल्या ताणामुळे होत असावेत, असं लक्षात आल्यावर अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२२ मध्ये हा सल्ला दिला. तुम्ही या गटात आहात का, हे तुमच्या डॉक्टरांना जरूर विचारा. स्वतः ठरवून इंजेक्शन बंद करू नका.

दुसरी, झडप बदललेले अनेक रुग्ण रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या घेतात. एरिथ्रोमायसिन किंवा अझिथ्रोमायसिन सुरू केलं तर त्या गोळ्यांचा परिणाम वाढून रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून मेडिकलवाल्याच्या सल्ल्याने यातलं काहीही सुरू करू नका. डॉक्टरांना आधी सांगा, आयएनआरची तपासणी लवकर करून घ्या.

ज्यांना पर्याय नाही

आता त्या थोड्या रुग्णांबद्दल. गरोदरपणात पहिल्याच तपासणीत रक्त घेतात, त्यात एचआयव्हीबरोबर सिफिलिसचीही चाचणी असते. सिफिलिस म्हणजे जुन्या भाषेत गरमी किंवा उपदंश. नाव ऐकताच घरात कुजबुज सुरू होते, ती आधी थांबवा. आईला हा आजार असेल तर तो वारेतून बाळापर्यंत जातो. गर्भपात होऊ शकतो, बाळ पोटात दगावू शकतं किंवा आजार घेऊन जन्मू शकतं. आई आणि बाळ दोघांवर खात्रीने उपचार करणारं औषध एकच, पेनिसिलीन. आजार अलीकडचा असेल तर बेन्झाथिनची एक भेट पुरते, जुना असेल तर आठवड्याच्या अंतराने तीन. डॉक्सिसायक्लिन गरोदरपणात देत नाहीत. एरिथ्रोमायसिन आणि अझिथ्रोमायसिन वार ओलांडून बाळापर्यंत पुरेसं पोहोचत नाहीत, म्हणजे आई बरी दिसते आणि बाळ तसंच राहतं.

म्हणून तुटवड्यात रांग लावायची वेळ आलीच, तर पहिला मान गरोदर बाईचा. त्यानंतर संधिज्वराची मुलं, आणि त्यांच्यातही ज्यांच्या गोळ्या नियमित होणार नाहीत ती आधी, उदाहरणार्थ टोळीबरोबर जाणारी. ज्यांना घरी रोज गोळी देणारं माणूस आहे, ती काही आठवडे गोळ्यांवर काढू शकतात. साध्या घसादुखीसाठी तर या दिवसांत कुपी फोडूच नये. तिथे दहा दिवसांच्या गोळ्यांनी काम भागतं.

हे माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत याच इंजेक्शनचा तुटवडा झाला. तिथल्या आरोग्य यंत्रणेने तीन गोष्टी केल्या: तुटवडा आहे हे जाहीर केलं, कुप्या आधी गरोदर स्त्रियांना द्या असं डॉक्टरांना लेखी कळवलं आणि २०२४ च्या सुरुवातीला फ्रान्समधल्या कंपनीचं तेच औषध तात्पुरतं आयात करू दिलं. यातल्या पहिल्या दोन गोष्टींना एक रुपयाही लागत नाही. एक पत्रक लागतं. आपल्याकडे ते पत्रक का निघत नाही?

"आम्ही ते इंजेक्शन देत नाही"

आता आमच्याच बिरादरीबद्दल बोलतो. बाजारात औषध असतानाही अनेक खासगी दवाखाने हे इंजेक्शन द्यायला नकार देतात. कारण भीती. पेनिसिलीनची रिअ‍ॅक्शन येऊन रुग्ण दगावला तर नातेवाईक काच फोडतील, केस होईल. भीती खोटी नाही. पण आकडाही पाहू. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात ३२,४३० इंजेक्शनं मोजली गेली. गंभीर ॲलर्जीच्या घटना ४ होत्या, मृत्यू १. म्हणजे दहा हजारांत एखादी घटना. एका जिवाचंही मोल मोठं आहे, म्हणूनच इंजेक्शन ॲड्रिनालिन हाताशी ठेवून द्यायचं, आधी ॲलर्जीची चौकशी करायची, नंतर अर्धा तास रुग्णाला बसवून ठेवायचं. यातलं काहीही ग्रामीण रुग्णालयात अशक्य नाही.

या नकाराचा तुटवड्याशी थेट संबंध आहे. डॉक्टर लिहीत नाहीत म्हणून मेडिकलवाला ठेवत नाही. तो ठेवत नाही म्हणून डीलर मागवत नाही. मागणी नाही म्हणून कंपनी बनवत नाही. शेवटी आम्हीच म्हणतो, "मिळतच नाही हो!" या साखळीची पहिली कडी आमच्या हातात आहे.

पिंपरीपासून चीनपर्यंत

तुटवड्याचं मूळ मात्र दूर आहे. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने आपल्याच राज्यात, पुण्याजवळ पिंपरीला, हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना उभा राहिला. देशाने पेनिसिलीन स्वतः बनवायचं, हा त्यामागचा विचार होता. पुढे खासगी कारखानेही आले. मग चीनचा स्वस्त कच्चा माल आला आणि इथले पेनिसिलीनचे कारखाने एकामागून एक थंडावले. २०१७ च्या सुमारास अशी वेळ आली की बेन्झाथिन पेनिसिलीनचा कच्चा माल बनवणाऱ्या जगात मोजून चार कंपन्या उरल्या, त्यांतल्या तीन चीनमध्ये. एका कारखान्याची तपासणी अडकली तरी गंगाखेडच्या मुलाची तारीख चुकते, ती अशी. २०१४ ते २०१६ या काळाबद्दल जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीत ९५ पैकी ३९ देशांनी या औषधाचा तुटवडा कळवला होता.

कंपन्या म्हणतात, सरकारने भाव इतका बांधून ठेवलाय की परवडत नाही. यात तथ्य आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये औषधांचे भाव ठरवणाऱ्या एनपीपीएनेच आठ जुन्या औषधांच्या कमाल किमती ५० टक्क्यांनी वाढवल्या, त्यांत बेन्झाइल पेनिसिलीनही होतं. कारण तेच दिलं होतं: किंमत परवडत नसल्याने उत्पादन बंद पडण्याची भीती. भाव थोडा वाढला तर माझी हरकत नाही. हॉटेलातल्या साध्या थाळीपेक्षा स्वस्त औषध थोडं महाग झालं पण मिळालं, तर रुग्णाचा फायदाच आहे. न मिळणारं स्वस्त औषध कुणाच्याच कामाचं नाही.

पण कंपन्यांचं अर्धंच म्हणणं खरं मानतो. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशात स्पष्ट लिहिलंय: भाव बांधलेलं औषध बंद करायचं असेल तर कंपनीने सहा महिने आधी जाहीर सूचना द्यायची, आणि सरकार लोकहितासाठी तिला एक वर्षापर्यंत उत्पादन चालू ठेवायला सांगू शकतं. म्हणजे कायद्याने सरकारच्या हातात सहा महिन्यांची आगाऊ खबर आहे. तरी ती खबर पीएचसीपर्यंत येते कशी? खिडकीवर, "आलं नाही" या शब्दांत.

आणि सरकारचा विरोधाभास पाहा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळा-अंगणवाड्यांत मुलं तपासतात, त्यांच्या यादीत हा हृदयरोग आहे. झडप पूर्ण बिघडली तर महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत तिची शस्त्रक्रिया होते. दोन्ही योजना चांगल्या आहेत. पण आजार शोधायला पथक आहे, झडप बदलायला लाखाच्या घरातला खर्च मंजूर आहे आणि या दोन्हींच्या मधलं, थाळीपेक्षा स्वस्त इंजेक्शन मात्र नाही!

"औषध खरेदी मुंबईहून होते, आम्ही काय करणार?" हे उत्तर मला माहीत आहे. २०१७ पासून राज्याची खरेदी हाफकिनकडे होती, २०२३ मध्ये कायदा करून वेगळं प्राधिकरण नेमलं. त्याच वर्षी शेजारच्या नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बाळं होती. औषधटंचाईचे आरोप झाले, प्रशासनाने ते नाकारले, मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. खरेदी करणाऱ्या संस्थेचं नाव बदलून खिडकीवरचं उत्तर आपोआप बदलत नाही, एवढं तरी आपण त्या वर्षातून शिकायला हवं.

जिल्ह्यात काय होऊ शकतं?

नऊ तालुक्यांचा आपला जिल्हा. समजा, अशी ५०० मुलं आहेत. वर्षाला १७ प्रमाणे ८,५०० कुप्या झाल्या. दोन महिन्यांचा राखीव साठा म्हणजे दीड हजाराच्या आसपास. रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून स्थानिक खरेदी करता येण्याजोगी ही गोष्ट आहे. माझ्या मागण्या चार:

- प्रत्येक तालुक्याने अशा रुग्णांची यादी करावी, पुढच्या तारखेसह.
- जिल्हा रुग्णालयात दोन महिन्यांचा साठा कायम असावा आणि गरोदर स्त्रियांसाठी काही कुप्या वेगळ्या ठेवाव्यात.
- कुपी नसेल त्या दिवशी पेनिसिलीन-व्हीच्या गोळ्या त्याच खिडकीवर मिळाव्यात.
- ऊसतोडीला निघणाऱ्या मुलांना निघण्याआधी इंजेक्शन, सोबत कार्ड आणि गोळ्या द्याव्यात.

आणि तुम्ही काय करायचं?

- इंजेक्शनची तारीख कॅलेंडरवर लिहा आणि चार-पाच दिवस आधी चौकशी करा. २१ व्या दिवशी शोधाशोध सुरू करू नका.
- "नाही" म्हटलं तर खिडकीवरून परत फिरू नका. डॉक्टरांना भेटा आणि हेच शब्द वापरा: "इंजेक्शन मिळेपर्यंत गोळ्या लिहून द्या."
- गोळ्या रोज एकाच कामाशी बांधा, सकाळचा आणि रात्रीचा दात घासण्याचा वेळ बरा. देण्याची जबाबदारी मोठ्या माणसाची, मुलाची नाही.
- इंजेक्शन आलं की डॉक्टरांना विचारून पुन्हा इंजेक्शनवर या.
- आधी कधी पेनिसिलीनने अंगावर गांधी उठल्या, ओठ-चेहरा सुजला किंवा श्वास अडकला असेल तर आधी सांगा. अशांना पेनिसिलीनची गोळीही चालत नाही.
- गोळ्यांवर असताना घसा दुखला, ताप आला, सांधे सुजले किंवा धाप लागली तर त्याच दिवशी दाखवा.
- औषध मिळालं नाही तर तारीख-ठिकाणासह लेखी तक्रार द्या, वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे आणि एनपीपीएकडेही. औषध न मिळण्याच्या तक्रारींसाठी 'फार्मा जन समाधान' ही सोय २०१५ मध्ये त्यासाठीच सुरू झाली. तोंडी तक्रार कागदावर कुठेच उरत नाही आणि वर अहवाल जातो, "तुटवडा नाही."

हा लेख माहितीसाठी आहे, मात्रा आणि औषध तुमचे डॉक्टर ठरवतील. पण एक गोष्ट ठरवायला डॉक्टर असण्याची गरज नाही. ज्या आजारात २१ दिवस मोजावे लागतात, त्यात "पुढच्या महिन्यात या" हे उत्तर यापुढे ऐकून घ्यायचं नाही. हा लेख तुमच्या गावच्या आशाताईंना, शाळेतल्या गुरुजींना आणि टोळीच्या मुकादमाला जरूर वाचून दाखवा.